मुंग्यांचा अर्थ

मास्तर शब्दाचे पक्के होते. दिलेला शब्द पाळणारे या अर्थाने नव्हे. तसेही असतील, पण त्यांचा लौकिक वेगळा होता. शब्दाचा अर्थ कुणी चुकवला की त्यांना सहन होत नसे. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने मोठ्या हौसेने परदेशी भाषेत पाटी रंगवून घेतली, तर मास्तरांनी तिच्यातली चूक त्याला सांगितली, आणि तीही कधी, तर त्याचा वस्तरा यांच्या गळ्यावर असताना. तेव्हापासून सलूनवाला त्यांना सगळ्यांच्या शेवटी बसवायचा, आणि मास्तर तिथे बसून जुनी वर्तमानपत्रं तपासायचे. वाचायचे नाहीत, तपासायचे.

एकवीस वर्षं त्यांनी शाळेत परदेशी भाषा शिकवली. पुढे पोरं मोठ्या शाळांकडे वळली, यांच्या शाळेला टाळं लागलं, आणि ऐन पन्नाशीत मास्तर घरी बसले. घरी बसलेला मास्तर म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. चार महिने त्यांनी तिच्या बोलण्यातल्या चुका काढल्या. शेवटी तिनेच पेपरातली एक जाहिरात कापून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"अहो, गावाबाहेरच्या फॅक्टरीला दुभाषी हवाय. जा तिकडे. तिथे पगार देऊन ऐकतील तुमचं."

फॅक्टरी म्हणजे एक लांबच लांब पांढरी इमारत, एकही खिडकी नसलेली. आत फोनच्या काचा तयार व्हायच्या. सगळं जग दिवसभर ज्या काचेवर बोट फिरवत बसतं, ती काच शेवटची पुसून, उजेडात धरून, खोक्यात घालायचं काम इथे चाले. धूळ नको म्हणून खिडक्या नाहीत, केस नकोत म्हणून टोप्या, आणि बोलणं नको म्हणून सुपरवायझर. मास्तरांचं टेबल मात्र ऑफिसात, साहेबांच्या केबिनला लागून. यंत्रांची माहितीपुस्तकं, बाहेरून आलेली पत्रं, धोक्याच्या पाट्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. शिवाय वर्षातून दोनदा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं तपासणीला यायची, तेव्हा मास्तर त्यांचे कान आणि जीभ व्हायचे. फॅक्टरीत या लोकांना सगळे 'पाहुणे' म्हणत. तपासणी म्हटलं की पोटात गोळा येतो; पाहुणे म्हटलं की नुसती आवराआवर करावी लागते.

पहिल्याच वर्षी ताईने, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, त्यांना बोलावून घेतलं. ताईचा नवरा गेलेला, घरात ती आणि एक मुलगी. ताई शिवणकाम करायची, पण आता डोळे सुईला साथ देत नव्हते.

"तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे म्हणतात," ताई म्हणाली. "पोरीसाठी एक शब्द टाक की."

मास्तरांनी शब्द टाकला. आठ दिवसांत भाची पांढरी टोपी घालून पुसणीच्या हॉलमध्ये उभी राहिली. ताईने भेटेल त्याला सांगितलं, "भावाच्या एका शब्दावर काम झालं बघा." मास्तरांना ते ऐकायला आवडायचं. माणूसच होते, आवडणारच.

भाचीचा हात आईसारखाच चपळ होता. बाटली दाबून फडकं ओलं करायचं, काचेवरून एकदा वरून खाली आणि एकदा आडवं फिरवायचं, काच दिव्याखाली तिरकी धरून बघायची आणि ट्रेमध्ये ठेवायची. आधी यासाठी स्पिरिट असायचं, पण ते वाळायला वेळ लागे. मग एके दिवशी नवे पिंप आले. त्यांतलं काचेवर पडलं न पडलं तोच नाहीसं व्हायचं, म्हणून बायकांनी त्याला नाव ठेवलं 'उडतं'. उडत्याने पुसलं की काच लख्ख, आणि थांबायला नको. आठशे काचांच्या शिफ्टमध्ये बाराशे होऊ लागल्या. साहेब खूश, माल घेणारे त्याहून खूश. हातमोज्यांनी वेग मारला जातो म्हणून बायकांनी मोज्यांची बोटं कात्रीने कापून टाकली, आणि सुपरवायझरने तेवढ्यापुरतं दुसरीकडे पाहिलं.

उडत्याच्या पिंपांबरोबर एक कागद आला होता, परदेशी भाषेतला. तो भाषांतराला मास्तरांकडे आला. त्यांनी नेहमीसारखा जीव ओतून केला. 'हवा खेळती असलेल्या जागीच वापरावे. कातडीला लागू देऊ नये. दीर्घकाळ संबंध आल्यास हातापायांना...' इथे ते अडले. परदेशी शब्द अगदी साधा होता. सातवीच्या वर्गात ते तो दरवर्षी शिकवत, आणि शिकवताना मांडी मोडून उठल्याचं सोंग करून लंगडत चालून दाखवत; पोरं हसून लोळायची. आपल्याकडे त्याला काय म्हणावं? आधी त्यांनी 'झिणझिण्या' लिहिलं. मग ते खोडून वर लिहिलं, 'मुंग्या येणे'. हेच बरोबर. कुणीही वाचलं तरी कळेल. पुढे 'बधिरपणा', 'चालताना तोल जाणे', असं सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून त्यांनी कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो पुरता वाचला. "सुंदर झालंय, मास्तर. फाईलला लावा."

"भिंतीवर लावायला सांगितलंय, सर. शेवटच्या ओळीत."

"लावू की. पण काय होतं, भिंतीवर लावलं की लोक वाचतात, आणि वाचलं की त्यांना ते व्हायला लागतं."

साहेब हसले. मास्तरही हसले. कागद फाईलला गेला.

हे मुद्दाम आधी सांगितलं. पुढे कुणी म्हणायला नको की मास्तरांना बिचाऱ्यांना शब्द ठाऊक नव्हता.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी उडत्याचे पिंप मागच्या गोदामात गेले आणि टेबलांवर स्पिरिटच्या जुन्या निळ्या बाटल्या आल्या. अखंड बोटांचे नवे मोजे वाटले गेले. पाहुण्यांशी कोण बोलणार त्या बारा जणींची यादी झाली आणि त्यांच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली. कुणी घेतली? मास्तरांनीच, पाठांतर घ्यायची त्यांना सवय होती. साहेब फक्त एवढंच म्हणाले, "ऑर्डर मोठी आहे, मास्तर. तुम्हाला वेगळं सांगायला नको." आणि खरोखरच त्यांनी वेगळं काही सांगितलं नाही.

या वेळी पाहुण्या एकट्याच होत्या. पन्नाशीच्या बाई, पायात साधे बूट, काखेत जाड वही. मास्तरांना त्या लगेच आवडल्या, कारण त्यांचं व्याकरण स्वच्छ होतं. बाईंनी साहेबांची बारा नावांची यादी घेतली, आभार मानले, तिची घडी घालून वहीत ठेवून दिली आणि हजेरीपट मागवला. मग डोळे मिटून त्यावर बोट ठेवलं. बोट पडेल तिला बोलवा, म्हणाल्या. खोलीत कामगार, मी आणि दुभाषी. चौथं कुणी नको. साहेबांचा चेहरा उतरला, पण दार बाहेरून लावून घ्यायची पाळी त्यांच्यावरच आली.

तिघी येऊन गेल्या, आणि चौथ्या वेळी बोट भाचीच्या नावावर पडलं.

भाची भेदरून आत आली आणि समोर मामाला बघून तिच्या जिवात जीव आला. कामाचे तास किती, जेवायला सुट्टी मिळते का, रजा मिळते का, सगळ्याची तिने नीट उत्तरं दिली. मग बाईंनी विचारलं, "या कामामुळे काही त्रास होतो?"

मास्तरांनी विचारलं.

"मामा, हाताला मुंग्या येतात," भाची म्हणाली. "बोटांना. आधी नुसत्या कामावर यायच्या, आता घरीसुद्धा येतात. आमच्या टेबलावरच्या सगळ्यांना येतात. हे सांग त्यांना, नक्की सांग."

आता इथे नीट लक्ष द्या. दार बंद होतं. साहेब बाहेर होते. कुणी भिंतीला कान लावला नव्हता, कुणी धमकी दिली नव्हती. समोर बसलेली बाई हे ऐकायलाच समुद्र ओलांडून आली होती. आणि तो सातवीतला शब्द मास्तरांच्या अगदी जिभेवर होता. पण तो उच्चारला असता तर पुढचा प्रश्न आला असता, कशाने येतात? मग बाटली, मग गोदाम, मग फाईल, आणि फाईलमध्ये मास्तरांचंच अक्षर. एवढं सगळं त्यांना एका क्षणात दिसलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. असं कुणा पोराने केलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं.

"ती म्हणते, हातावर मुंग्या येतात. कामावर येतात, आणि घरीही."

"मुंग्या?" बाईंनी भुवया उंचावल्या. "किडे?"

मास्तरांनी उजव्या हाताची दोन बोटं तुरुतुरु चालवून दाखवली, टेबलावरून डाव्या पंजावर आणि तिथून मनगटापर्यंत. भाचीला वाटलं, मामा आपलं दुखणं समजावून सांगतोय. "हो, हो, अश्शाच!" ती जोरजोरात मान हलवत म्हणाली. बाई हसल्या. वहीत 'स्वच्छता' या मथळ्याखाली त्यांनी एक ओळ लिहिली. मास्तरांना समोरून उलटी अक्षरंही वाचता येत. इतकी वर्षं शिकवल्यावर तेवढं येतंच.

पंधरा दिवसांनी पाठीवर पंप घेतलेले दोघं आले आणि पुसणीच्या हॉलच्या कडेकडेने फवारा मारून गेले. तेवढा वेळ बायका बाहेर उन्हात उभ्या होत्या. तो वेळ संध्याकाळी भरून घेतला गेला. परत आत आल्या तेव्हा उडत्याच्या गोडसर वासात आणखी एका वासाची भर पडली होती. त्या हॉलमध्ये मुंगी औषधालासुद्धा सापडली नसती. तिथे येऊन ती खाणार काय?

अहवाल उत्तम आला. त्रुटी एकच, मुंग्या. तीही दूर केलेली. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांसमोर मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "एका शब्दात ऑर्डर वाचवली पठ्ठ्याने!"

"अहो, चुकून झालं ते," मास्तर म्हणाले आणि हसले.

जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, ते आता पहिल्यांदाच स्वतःची चूक कबूल करत होते, आणि नेमकी ती झालीच नव्हती. पण 'चुकून' हा शब्द मोठा सोयीचा निघाला. तो पांघरला की आतलं काही दिसत नाही.

घरी त्यांनी ही गंमत बायकोला सांगितली. का सांगितली कोण जाणे. कुणीतरी हसलं म्हणजे ती गंमतच ठरेल, असं वाटलं असेल. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग पोरीच्या हाताचं काय?" तिने विचारलं.

"होईल कमी."

"तुम्हाला तो शब्द येत नव्हता?"

तिने घडी केलेला शर्ट त्यांच्याकडे सरकवला आणि दुसरा हातात घेतला. त्या दिवसापासून मास्तरांनी तिच्या बोलण्यातली एकही चूक काढली नाही, आणि तिनेही ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

हॉलमध्ये भाचीचं नाव पडलं 'मुंगी'. "ए मुंगी, हात चालव," सुपरवायझर ओरडायचा. हात मात्र पूर्वीसारखा चालत नव्हता.

दोन-अडीच महिन्यांनी एका सुट्टीच्या दुपारी मास्तर ताईकडे गेले. जायचं टाळत होते, पण ताईने दोनदा निरोप धाडला होता. भाचीने चहा आणला, कप दोन्ही हातांनी धरून, नजर कपावरून न हलवता.

"परवा दोन कप फोडले हिने," ताई म्हणाली. "आणि कुर्त्याची बटणं मी लावून देते. लहानपणी लावायचे ना, तशी. फॅक्टरीतल्या डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्यात. ताकदीचं काय झालंय, पोरगी धडधाकट आहे माझी. पण तू पाहुण्यांच्या कानावर घातलंयस म्हणते, तेव्हा होईलच काहीतरी."

"होईल," मास्तर म्हणाले. चहा त्यांना गोड लागला नाही.

परतताना भाची त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला निघाली. रस्त्यावर नवी खडी टाकलेली, वर दुपारचं ऊन. थोडं चालून गेल्यावर मास्तरांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. डाव्या पायात चप्पल नव्हती.

"अगं, चप्पल कुठाय?"

तिने खाली पाहिलं. "अगं बाई! परत?" मागे वळून बघितलं तर चप्पल वीस-पंचवीस पावलांवर रस्त्यात पडलेली. ती हसत हसत त्या खडीवरून अनवाणी जाऊन घेऊन आली. "निसटली तरी कळतच नाही, मामा. गंमत आहे की नाही?"

मास्तरांना गंमत वाटली नाही. तापलेल्या खडीवरून ती चालली ती गालिच्यावरून चालल्यासारखी, आणि ते बघून त्यांच्याच तळपायाला चटका बसला.

थांब्यावर बसची वाट बघताना भाची म्हणाली, "मामा, एक विचारू? रागावू नकोस हं."

"विचार."

"त्या बाईंना खरोखरच्या मुंग्या वाटल्या ना? म्हणूनच फवारा मारला. हॉलमध्ये सगळे म्हणतात, तुझ्या मामाला ती भाषाच येत नाही. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, माझ्या मामाला सगळं येतं, त्या लोकांकडे तसा शब्दच नसेल. त्यांच्या हाताला येत नसतील मुंग्या, तर शब्द कुठून येणार? हो ना?"

तिने तर्क मोठा छान लढवला होता. वर्गातल्या कुणी असा लढवला असता तर मास्तरांनी शाबासकी दिली असती. आणि खरं सांगायला याहून सोपी वेळ त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. बस अजून दिसतही नव्हती.

"हो," मास्तर म्हणाले. "तसा शब्द नाही त्यांच्याकडे."

"बघ, मी म्हटलंच होतं!" भाचीचा चेहरा उजळला. मामाची बाजू घेऊन आपण भांडलो ते बरोबरच होतं, याचा तिला आनंद झाला.

एकवीस वर्षांत मास्तरांनी कुणाला खोटा अर्थ सांगितला नव्हता. एखादा शब्द अडला तर ते सरळ म्हणायचे, "उद्या बघून सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला आठवणीने सांगायचे. त्या दुपारी बसमध्ये अर्ध्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या, पण मास्तर शेवटपर्यंत दांडा धरून उभे राहिले. बसायची लाज वाटली त्यांना.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. "माझ्या भाचीला जरा पॅकिंगला टाकता आलं तर..."

"का हो? काही तक्रार?"

साहेब पेन घेऊनच बसले होते. कारण सांगितलं तर लिहून घेतील असं वाटलं. मास्तर म्हणाले, "छे, छे. सहज."

"सहज म्हणून लाईन तोडता येत नाही, मास्तर. बघू पुढे."

मग दिवस गेले. मास्तरांनी पाट्यांमधल्या चुका काढणं सोडलं. सलूनमध्ये गेले की मुकाट्याने बसायचे. पेपर समोर असला तरी उघडायचे नाहीत. एकदा सलूनवाल्यानेच विचारलं, "मास्तर, बरं नाही का?" आणि दोन गिऱ्हाइकं आधी आलेली असताना त्यांना खुर्चीवर घेतलं. मास्तरांना तो मान शिवीसारखा लागला. सकाळी नळाखाली तोंड धुताना ते तो शब्द स्वतःशी म्हणून बघायचे. उच्चार बरोबर यायचा. यायचाच. पुढच्या वेळी पाहुण्या आल्या की पहिलं वाक्य हेच, असं त्यांनी आरशाला कितीतरी वेळा सांगितलं. आरशाला सांगायला काय लागतं!

सहा महिन्यांनी त्याच बाई आल्या. पिंप गोदामात गेले, निळ्या बाटल्या आल्या, मोजे आले. "या वेळी मुंग्या नकोत हं मास्तर," साहेब डोळा मिचकावून म्हणाले.

बाईंनी हजेरीपट उघडायच्या आधीच सांगितलं, "ती मुंग्यांची मुलगी आहे ना, तिला आधी बोलवा. मला विचारायचंय तिला." त्यांनी लक्षात ठेवलं होतं. माणूस चांगला असला की दुसऱ्याचं पाप आणखी जड होतं, हे मास्तरांना तेव्हा कळलं.

कॅन्टीनमधून काचेच्या ग्लासांत चहा आला, नुकता उकळलेला. बाईंनी आपला ग्लास रुमालात गुंडाळून धरला. मास्तरांनी कडेला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

भाची आली ती भिंतीला हात लावत, प्रत्येक पाऊल सपाट टेकवत. बाराशेवरून तिच्या काचा सहाशेवर आल्या होत्या, आणि सुपरवायझरची बोलणी खाऊन चेहरा उतरला होता. तरी मामाला बघून ती हसली. बाईंनी तिसरा ग्लास तिच्यापुढे सरकवला. भाचीने तो उघड्या पंजात घट्ट धरला, पडू नये म्हणून दुसरा हात वरून लावला, आणि तशीच बसली.

बाईंनी टेबलावर दोन बोटं तुरुतुरु चालवली, अगदी मास्तरांनी दाखवली होती तशी, आणि हसून विचारलं, "गेल्या का मुंग्या?"

"मुंग्या गेल्या का, विचारतायत," मास्तर म्हणाले.

"गेल्या," भाची म्हणाली. "त्यांना सांग, मुंग्या गेल्या, आता काहीच येत नाही. हात आहेत की नाहीत तेच कळत नाही मला, मामा. बघितल्यावर कळतं, आहेत म्हणून."

मास्तरांनी तोंड उघडलं. आरशापुढे घोकलेलं वाक्य तयार होतं.

"गेल्या म्हणते," ते म्हणाले.

भाषांतर बिनचूक होतं. जगातल्या कुठल्याही परीक्षकाने त्याला पुरे गुण दिले असते. बाईंनी समाधानाने मान हलवली आणि वही उघडली.

"पुढचं पण सांग ना," भाची म्हणाली.

बाई लिहायला वाकल्या, आणि वाकताना त्यांची नजर भाचीच्या हातांवर गेली. आपल्या रुमालावर गेली. परत हातांवर. त्यांनी पेन ठेवलं, एक बोट पुढे करून भाचीच्या ग्लासाला लावलं आणि झटक्याने मागे घेतलं. भाचीचे पंजे लाल झाले होते. ती शांतपणे बसून होती, पुढचा प्रश्न कधी येतो याची वाट बघत.

"तिला भाजत नाही?" बाईंनी विचारलं. तिला नाही, मास्तरांना विचारलं.

मास्तर उठले. त्यांनी भाचीच्या हातातून ग्लास काढून घेतला. भाजला, भाजू दिला. तो टेबलावर ठेवून त्यांनी तो शब्द उच्चारला. सातवीतला, साधा, दोन अक्षरी शब्द. मग थांबता येईना. मुंग्या म्हणजे किडे नव्हेत. हे असं होत होतं तिला, सहा महिन्यांपूर्वी, आणि टेबलावरच्या सगळ्यांना होतं. आता तेही होत नाही. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. आज टेबलावर दिसतात त्या बाटल्या फक्त आजच्या आहेत. कालच्या मागच्या गोदामात आहेत. पिंपाबरोबर आलेला कागद फाईलमध्ये आहे, आणि त्यावरचं अक्षर माझं आहे. हे सगळं ते जवळजवळ एका दमात बोलले, आणि बोलताना व्याकरण दोन ठिकाणी चुकलं, तेही त्यांना कळलं नाही.

बाईंनी वही मिटली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्हाला हा शब्द आठवला नसेल. असं होतं. तुमच्या भाषेत मुंग्या म्हणतात, तुम्ही मुंग्या सांगितलं. सहज होण्यासारखी चूक आहे."

भली बाई होती. दार उघडून धरून उभी होती. मास्तरांनी नुसतं बाहेर पडायचं होतं.

"आठवला होता," मास्तर म्हणाले. "तेव्हाही आठवला होता."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नकळत त्या स्वतःच्या बोटांची टोकं अंगठ्याने चोळू लागल्या, एक एक करून, आणि तो शब्द स्वतःशीच पुटपुटल्या.

भाचीला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. पण आधी मामाच्या तोंडून आणि मग बाईंच्या तोंडून तोच एक आवाज तिने ऐकला, आणि बाईंचा तो बोटं चोळणारा अंगठा बघितला. पोरगी हुशार. तिचा चेहरा आधी उजळला, आणि मग हळूहळू, मामाकडे बघता बघता, विझत गेला.

"मामा," ती म्हणाली, "म्हणजे शब्द आहे की त्यांच्याकडे."

मास्तरांनी मान खाली घातली.

"आहे," ते म्हणाले. "आधीपासून आहे."